देव पाण्यात घालून नव्वद मिनिटं

२०२४-२५च्या प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमध्ये, टॉटनहॅमचा संघ ३८पैकी २२ मॅच हरला आणि तरीही लीगमध्ये टिकला. (वीस संघांतले तळाचे तीन दर वर्षी खालच्या लीगमध्ये जातात; विजयाला तीन गुण, बरोबरीला एक.) ११ विजय, ५ बरोबऱ्या, एकूण ३८ गुण, सतरावा नंबर. (त्याच मोसमात त्यांनी युरोपा लीग जिंकली, पण ती गोष्ट वेगळी.) त्यांच्या खाली, अठराव्या नंबरावर असलेल्या लेस्टरचे गुण होते २५. म्हणजे त्या वर्षी २६ गुण केलेला संघसुद्धा वाचला असता. आठ विजय, दोन बरोबऱ्या आणि तब्बल २८ पराभव! तळाच्या संघाच्या चाहत्याने मॅच लावण्याआधी हा हिशेब डोक्यात पक्का करून घ्यावा. हरणं त्याच्यासाठी बातमी नसतेच. कुठल्या मॅच हरून चालतील आणि कुठल्या हरून चालणार नाहीत, एवढाच प्रश्न असतो.

‘चाळीस गुण झाले की सुटलो’ असं इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं म्हटलं जातं. लीग २० संघांची झाली १९९५-९६ला. तेव्हापासून २०२४-२५पर्यंत ४० किंवा त्याहून जास्त गुण मिळवूनही खाली गेलेले संघ तीनच : १९९६-९७चा संडरलँड आणि १९९७-९८चा बोल्टन, दोघेही ४०वर, आणि २००२-०३चा वेस्ट हॅम, ४२वर. दुसऱ्या टोकाला २००४-०५चा वेस्ट ब्रॉम ३४ गुणांवर वाचला, तर २०२३-२४मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट चार गुण कापले जाऊनही ३२वर तरला. तेव्हा चाळिसाचा आकडा उराशी धरून बसण्यात काही अर्थ नाही. रेषा दर वर्षी सरकते, आणि ती आपला संघ ठरवत नाही, अठराव्या नंबरावरचा संघ ठरवतो.

ती रेषा काढायची रीत अगदी साधी आहे. समजा २४ मॅच झाल्यात आणि अठराव्या संघाचे गुण १८ आहेत. मॅचमागे पाऊण गुण. हाच वेग राहिला तर ३८ मॅचअखेर त्याचे साडेअठ्ठावीस होतील. शेवटी शेवटी सगळेच जिवाच्या आकांताने खेळतात, म्हणून वर तीनेक गुण धरा. लक्ष्य झालं ३२. आपल्या संघाचे २० असतील तर उरलेल्या १४ मॅचमध्ये १२ गुण हवेत. तीन विजय, तीन बरोबऱ्या, आठ पराभव. हे आठ पराभव वेळापत्रकात आधीच पेन्सिलीने लिहून ठेवावेत, म्हणजे पहिल्या चारातल्या संघाकडून त्याच्या घरी तीन गोल खाल्ले तरी रात्रीची झोप उडत नाही. उडायला हवी ती शेजारच्या नंबराशी घरच्या मैदानावर होणाऱ्या मॅचच्या वेळी. ‘सहा गुणांची मॅच’ म्हणतात ती हीच : आपण जिंकलो तर आपले तीन वाढतात आणि त्यांचे तीन बुडतात, हरलो तर नेमकं उलटं. बरोबरीत फरक तसाच राहतो पण एक मॅच कमी होते. म्हणून वर असलेल्याला बरोबरी गोड लागते आणि खाली असलेल्याला कडू. सत्तराव्या मिनिटाला ०-० असताना कुठला संघ बॉल घेऊन धावतोय आणि कुठला थ्रो-इनला अर्धा मिनिट लावतोय, हे गुणतक्ता न बघताच सांगता येतं ते त्यामुळे.

हे झालं कागदावरचं. आता टीव्हीकडे वळू.

घरी बसून मॅच ऐकायची-बघायची सोय शंभरेक वर्षांची आहे. २२ जानेवारी १९२७ला बीबीसीने आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड ही मॅच रेडिओवरून थेट ऐकवली. ‘रेडिओ टाइम्स’ने मैदानाचा नकाशा आठ चौकोनांत आखून छापला होता. एकजण खेळाचं वर्णन करी आणि दुसरा मधूनमधून बॉल कुठल्या चौकोनात आहे तो आकडा सांगे. मॅच १-१ सुटली. त्या श्रोत्याला मैदान दिसत नव्हतं, पण जे कळत होतं ते त्याच क्षणी कळत होतं. आजच्या चाहत्याचं दुखणं बरोबर उलटं : त्याला गवताचं पातं न् पातं दिसतं, पण उशिरा.

इंटरनेटवरून येणारं चित्र प्रत्यक्ष खेळाच्या अर्धा-पाऊण मिनिट मागे असणं अगदी सर्वसाधारण आहे. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, ते सर्व्हरवरून सर्व्हरवर जातात, आणि आपला प्लेअर अडखळू नये म्हणून दोनतीन तुकडे हाताशी साठवून मगच दाखवायला लागतो. डिश किंवा केबलचं प्रक्षेपण तेवढं मागे नसतं. आणि गोल झाल्याचा निरोप? चार अक्षरं आणि दोन आकडे. तो सेकंदात पोहोचतो. फोन थरथरतो तेव्हा आपल्या पडद्यावर आपला गोली अजून गोल-किक घ्यायला बॉल ठेवत असतो. पुढची चाळीस सेकंदं जे दिसतं ते वरातीमागून घोडं.

उपाय आहेत, फक्त अर्धवट करून उपयोग नाही. स्कोअर सांगणाऱ्या ॲपची सूचना बंद करणं सगळ्यांना सुचतं. पण मित्रांचा ग्रुप, बातम्यांचं ॲप आणि मनगटावरचं घड्याळ राहून जातं, आणि गोल नेमका तिथून फुटतो. मधे पॉज करून उठलात तर परत आल्यावर ‘लाइव्ह’चं बटण दाबा, नाहीतर तेवढा उशीर शेवटच्या शिट्टीपर्यंत सोबत राहतो. टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओची कॉमेंट्री लावणारे बरेच असतात. रेडिओ बहुधा पुढे असतो, त्यामुळे थांबवायचा तो रेडिओ. टीव्हीला पुढे ढकलता येत नाही. किक-ऑफची शिट्टी दोन्हीकडे एकदम ऐकू येईल इतका रेडिओ मागे घ्यायचा. हाफ-टाइमनंतर पुन्हा जुळवावं लागतं, कारण जाहिरातींत दोघांची फारकत झालेली असते.

मॅच दाखवतच नसतील तर ॲपमधल्या हिरव्या आयतावर बाण सरकताना बघत बसणं आलं. तिथे ‘धोकादायक आक्रमण’ ही अक्षरं चमकली की पाचावर धारण बसते. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की बॉल मैदानाच्या ठरावीक पट्ट्यात आलाय आणि मॅचची नोंद करणाऱ्या कुणीतरी तसं बटण दाबलंय. तो बॉल कॉर्नरच्या झेंड्याजवळ दोघांच्या पायांत अडकलेला असू शकतो. त्या अक्षरांपेक्षा कॉर्नरचे आकडे बघावेत. विरुद्ध संघाला पाच मिनिटांत तीन कॉर्नर मिळाले असतील, तर आपला संघ खरोखरच पेटीत, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत, कोंडला गेलाय.

प्रीमियर लीगमध्ये संघ जाहीर होतात किक-ऑफच्या ७५ मिनिटं आधी. तळाच्या संघाच्या चाहत्यासाठी ही कदाचित दिवसातली सगळ्यात आशेची वेळ, आणि बरीच मॅच इथेच वाचता येते. मधले बचावपटू दोन की तीन, हे तर सगळेच बघतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढे पळणारा कुणी आहे का. पाच-चार-एक अशी रचना मांडून एकट्या स्ट्रायकरला पुढे ठेवायचं आणि तो स्ट्रायकर उंच पण मंद असेल, तर बचावातून मारलेला प्रत्येक लांब बॉल परत येणार हे नक्की. त्याला बॉल छातीवर घेऊन दोन सेकंद धरता आला पाहिजे, किंवा बचावफळीच्या मागे धावता आलं पाहिजे. दोन्हीपैकी एकही नसेल तर तो संघ नव्वद मिनिटं भिंतीवर बॉल मारत बसणार. मग बेंच बघावा. बदली खेळाडू पाच उतरवता येतात, पण हाफ-टाइम सोडून तीनच वेळा. श्रीमंत संघाला पाच बदल म्हणजे नवी आघाडीची फळी. आपल्याकडे बेंचवर दोन गोली, तीन बचावपटू आणि उरलेली पोरं. पाच बदलांचा नियम २०२०मध्ये तात्पुरता आला आणि २०२२मध्ये कायमचा झाला. तो कुणाच्या पथ्यावर पडला हे सांगायला नको.

मॅच सुरू झाल्यावर मोठी अडचण अशी की कॅमेरा बॉलच्या मागे फिरतो आणि अडचणीतला संघ बिघडतो तो बॉलपासून लांब. रुंद कोनातून एका वेळी मैदानाचा साधारण निम्मा भाग दिसतो. आपला बॅक-पोस्टकडचा, म्हणजे पलीकडच्या खांबाजवळचा, फुलबॅक (कडेचा बचावपटू) कुठे उभा आहे ते क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर मारलेला बॉल, येईपर्यंत कळतच नाही. तरी काही क्षणी अख्खा संघ चौकटीत येतो : विरुद्ध गोलीच्या हातात बॉल असताना, गोल-किकला, आणि आपल्याच बचावपटूने लांब बॉल मारला की लगेच. ते तीन-चार सेकंद वाया घालवू नयेत. गोल-किकला आपली मधली फळी आणि बचावफळी यांच्यात किती अंतर आहे? दहा-बारा मीटर असेल तर संघ एकसंध आहे. वीसच्या पुढे गेलं की मधे विरुद्ध संघाचा प्लेमेकर मोकळा उभा राहणार आणि वळून बघायला त्याला वेळच वेळ मिळणार. आघाडीचा एकटाच प्रेस करायला, म्हणजे बॉलवाल्याला घेरायला, धावला आणि मागचे जागेवरच राहिले तर हे अंतर वाढतं. तो धावणारा दिसतो मेहनती, टाळ्या त्यालाच मिळतात. प्रत्यक्षात त्याने स्वतःच्या संघात भगदाड पाडलेलं असतं.

आणि मग येतात शेवटची दहा-पंधरा मिनिटं. सगळ्यात जास्त गोल मॅचच्या शेवटच्या टप्प्यात होतात, हे कुठल्याही लीगचं कोष्टक दाखवेल. तळाच्या संघाने १-०ची आघाडी इथेच घालवायची असते, असा जणू अलिखित करार आहे. चाहते म्हणतात, ‘यांच्यात दमच नाही’, ‘नशीबच फुटकं’. दोन्ही पूर्ण खरं नाही. आघाडी ज्या पायऱ्यांनी उतरते त्या टीव्हीवर स्पष्ट दिसतात, मात्र गोलच्या आधीची मिनिटं बघावी लागतात.

७९वं मिनिट धरू. डावीकडून आलेला क्रॉस आपला मधला बचावपटू डोक्याने उडवतो. चांगला हेडर, पण वीस-बावीस मीटरवर, सरळ मधोमध. तिथे आपलं कुणी नाही, कारण बचावात्मक मिडफिल्डर आत पेटीत माणूस धरून उभा आहे. हा दुसरा बॉल विरुद्ध संघाचा. तो बाजूला जातो, पुन्हा क्रॉस, पुन्हा हेडर. यावेळी बॉल पुढे आपल्या स्ट्रायकरकडे पोहोचतो, पण त्याच्या पाठीवर दोघे आहेत आणि सगळ्यात जवळचा जोडीदार तीस मीटर मागे. पाच सेकंदांत बॉल परत. आता नीट बघायचं ते हे : बॉल बाहेर गेला तेव्हा बचावफळी पुढे सरकली का? संघ ताजा असताना ती पेटीतून बाहेर येते, आठ-दहा मीटर मिळवते, मागे राहिलेले विरुद्ध खेळाडू ऑफसाइडमध्ये अडकतात. ८१व्या मिनिटाला ती पाचच मीटर येते. ८४व्याला जागची हलत नाही. फळी पेनल्टीच्या ठिपक्याच्या आसपास रुतली की ऑफसाइडचं हत्यार गेलं, गोलीला पुढे येऊन क्रॉस उचलायला जागा राहिली नाही, आणि पेटीच्या कडेवरून शॉट मारायला सगळे मोकळे. तेवढ्यात मॅनेजर विंगरला काढून पाचवा बचावपटू उतरवतो. कागदावर बचाव वाढला, प्रत्यक्षात बॉल पुढे नेणारा शेवटचा माणूस गेला. आता प्रत्येक क्लिअरन्स परत येणार. ८८व्या मिनिटाचा गोल कुणाच्या तरी नडगीला लागून जातो आणि कॉमेंटेटर ‘दुर्दैव’ म्हणतो. दुर्दैव ८१व्या मिनिटाला सुरू झालं होतं.

म्हणून १-० असताना त्या वेळेला बचावपटू उतरवण्यापेक्षा पायात ताकद असलेला ताजा आघाडीवीर उतरवणारा मॅनेजर जास्त शहाणा वाटतो. एक फाऊल मिळवला, बॉल कॉर्नरच्या झेंड्याकडे नेऊन थ्रो-इन काढला, की चाळीस-पन्नास सेकंदं जातात आणि फळीला श्वास घेऊन दहा मीटर पुढे यायला मिळतं. गोलीने बॉल कवटाळून बसायचे दिवस तर आता संपलेच. २०२५-२६पासून आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ हातात धरला तर विरुद्ध संघाला कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदं रेफरी हात उंचावून बोटांवर मोजतो. आघाडी टिकवणाऱ्या दुबळ्या संघासाठी ती पाच बोटं म्हणजे नवीच छळवणूक आहे.

चौथा पंच फलक उंचावतो, त्यावरचा आकडा ‘किमान’ असतो हेही ध्यानात ठेवावं. सहा दाखवली म्हणजे ९६:००ला शिट्टी, असं नाही; त्या सहा मिनिटांत कुणी पडलं, बदली झाली, तर ती भर वर पडते. २०२२च्या विश्वचषकापासून हा वेळ जरा मोकळ्या हाताने दिला जातो. तिथे इंग्लंड-इराणच्या मॅचमध्ये इराणच्या गोलीला मार लागल्यावर पहिल्याच हाफला १४ मिनिटं वाढली होती. आपला संघ आघाडीवर असेल तर पडद्यावरचं घड्याळ हाताने झाकून बसावं, इतकं ते हळू चालतं. पण हाच वेळ कधी कधी उपकारही करतो. ८ मे १९९९ला इंग्लंडच्या फुटबॉल लीगच्या सगळ्यात खालच्या विभागात कार्लाइलची मॅच १-१ होती आणि संघ त्या लीगमधूनच बाहेर पडायच्या बेतात होता. ९५व्या मिनिटाच्या कॉर्नरला गोलकीपर जिमी ग्लास पुढे धावत गेला, परत आलेला बॉल त्याने जाळ्यात मारला आणि कार्लाइल वाचला. ग्लास उसना आणलेला होता, कर्जाऊ. म्हणून शेवटच्या कॉर्नरला टीव्ही बंद करू नये.

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारे पंच, आल्यापासून गोल साजरा करायलाही शिस्त लागते. गोल झाला की आधी लाइन्समनकडे बघावं. पण झेंडा खाली असणं म्हणजे सुटका नव्हे, कारण गोलची संधी असताना तो झेंडा मुद्दाम उशिरा वर करतो. मग विरुद्ध संघाच्या गोलीकडे बघावं. तो जाळ्यातला बॉल मुकाट्याने काढत असेल तर गोल बहुधा चोख आहे. दोघा-तिघांचे हात एकदम वर गेले असतील तर बसून घ्यावं. रेफरीचं बोट कानाशी गेलं की मिनिटभराची निश्चिंती, म्हणजे अनिश्चिती. आधी उडी मारून मग गोल रद्द होताना बघणं मोसमात चार-पाच वेळा झालं की माणूस खरा गोलही संशयाने बघायला लागतो, आणि आमच्या मते व्हीएआरने चाहत्याचं केलेलं खरं नुकसान ते आहे, चुकीचे निर्णय नव्हेत.

हाफ-टाइमला पडद्यावर आकडे येतात. त्यांतला एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल, अडचणीतल्या संघाच्या चाहत्याला फार धीर देतो आणि तितकाच फसवतो. प्रत्येक शॉटला तो जाळ्यात जाण्याची शक्यता दिलेली असते. पेनल्टीला पाऊण ते ०.८, पेटीबाहेरच्या फटक्याला बहुतेकदा पाच शतांशांहूनही कमी. त्यांची बेरीज म्हणजे एक्सजी. पण बेरीज सारखी असली तरी मॅच सारखी नसते. ०.०५चे वीस शॉट आणि ०.५चे दोन, दोन्हींची बेरीज १ च. एकही गोल न होण्याची शक्यता मात्र पहिल्यात ३६ टक्के, दुसऱ्यात २५. तळाचे संघ वीस शॉटवाले असतात. तिसऱ्या-चौथ्या पासला घाई होते, पेटीत शिरायचा धीर होत नाही, मग पंचवीस मीटरवरून हाणतात. दुसरी गोम अशी की ०-२ने मागे पडल्यावर समोरचा संघ मागे बसतो, बॉल आपल्याला देतो, आणि अर्ध्या तासात आपला एक्सजी, ताबा, कॉर्नर सगळं फुगतं. मॅचनंतर मॅनेजर तेच आकडे फडकवतो. खरं चित्र हवं असेल तर पहिला गोल होईपर्यंतचाच एक्सजी बघावा. ०-० असताना आपण काय करत होतो? तिथे जर ०.१ विरुद्ध ०.९ असेल, तर नंतरची मर्दुमकी उसनी.

नव्या मॅनेजरच्या बाबतीतही हाच चष्मा लावावा. जुन्याला काढतात ते पाच-सहा मॅच सलग हरल्यावर, आणि त्या पाच-सहांत कठीण वेळापत्रक, पोस्टला लागलेले बॉल, जखमी खेळाडू असं बरंच साठलेलं असतं. ते आपोआप थोडं सुधारणारच होतं. नवा येतो, दोन मॅच जिंकतो, आणि जयजयकार होतो. सहाव्या मॅचपासून ये रे माझ्या मागल्या. आणि न बदलताही चमत्कार होतात. २०१४-१५मध्ये लेस्टरचे २९ मॅचनंतर १९ गुण होते. मॅनेजर तोच राहिला आणि उरलेल्या ९ मॅचमधून संघाने २२ गुण काढले. सात विजय, एक बरोबरी, एक हार. पुढच्या वर्षी, नव्या मॅनेजरच्या हाताखाली, ते चँपियन झाले. तो दाखला मात्र कुणी स्वतःच्या संघाला लावू नये.

०-३ झाल्यावर काय करायचं? टीव्ही बंद करणाऱ्यांना नावं ठेवायचं कारण नाही, पण ०-३ आणि ०-५ यांत फरक आहे. १९९७-९८ला एव्हर्टन आणि बोल्टन दोघांचे ४० गुण झाले. एव्हर्टनचा गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) उणे १५, बोल्टनचा उणे २०. बोल्टन खाली गेला. पाच गोल, अडतीस मॅचमध्ये. इंग्लंड-जर्मनीत गुण सारखे झाले की आधी गोलफरक बघतात, स्पेनमध्ये आधी त्या दोन संघांच्या आपापसातल्या मॅच. आपल्या लीगचा नियम कुठला, हे माहीत असलं की ०-३च्या मॅचमध्येही बघण्यासारखं काही उरतं : संघ चौथा गोल टाळायला खेळतोय, की कुठल्या तरी एका गोलसाठी उघडा पडतोय. घरात एक जण जर्सी बदलतो, दुसरा खुर्ची बदलतो. घरात बसलेल्याचा मॅचवर काडीचाही परिणाम होत नाही. मैदानात बसलेल्यांचा होतो असं मानायला मात्र जागा आहे. २०२०-२१चा प्रीमियर लीग मोसम जवळपास सगळा रिकाम्या स्टँडसमोर झाला, आणि पाहुण्या संघांनी १५३ मॅच जिंकल्या, यजमानांनी १४४.

गणिताने सगळं संपल्यावरही मॅच उरतात. डर्बी काउंटी २००७-०८ला मार्चमध्येच बाहेर पडला आणि शेवटी एक विजय, ११ गुणांवर थांबला. प्रीमियर लीगमधला हा नीचांक. २०२४-२५ला साउदॅम्प्टन सात मॅच बाकी असताना खाली गेला. तरी १० मे २०२५ला मँचेस्टर सिटीला ०-०वर रोखून त्यांनी बारावा गुण मिळवला तेव्हा मैदानात विजयासारखा जल्लोष झाला. डर्बीच्या पंगतीत बसायची वेळ टळली होती. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल.

शेवटच्या दिवसाची तयारी वेगळी. सगळ्या मॅच एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे कुणाला दुसऱ्याचा निकाल बघून खेळता येऊ नये. (१९८२च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाने दोघांनाही सोयीचा १-०चा निकाल लागल्यावर उरलेला वेळ नुसता बॉल फिरवण्यात घालवला. त्यानंतर विश्वचषकात शेवटच्या गटसामन्यांनाही हाच नियम आला.) इथे सूचना बंद ठेवण्याचा सल्ला उलटवावा लागतो : आपली मॅच मोठ्या पडद्यावर, दुसरी नुसत्या आकड्यांत. कागदावर आधीच मांडून ठेवा की आपण जिंकलो, बरोबरी झाली, हरलो, तर प्रत्येक वेळी दुसरीकडून काय हवं. ऐन वेळी डोकं चालत नाही.

१५ मे २००५ला वेस्ट ब्रॉम सकाळी तळाला होता. नॉर्विच, साउदॅम्प्टन, क्रिस्टल पॅलेस आणि ते स्वतः, चौघांतला एकच वाचणार होता. वेस्ट ब्रॉमने पोर्ट्‌समथला २-० हरवलं; पण चार्ल्टनच्या मैदानावर पॅलेस २-१ने पुढे होता आणि तसंच राहिलं असतं तर पॅलेस ३५, वेस्ट ब्रॉम ३४. ८२व्या मिनिटाला चार्ल्टनच्या फॉर्च्यूनने हेडर मारून २-२ केलं. वेस्ट ब्रॉमची मॅच आधी संपली, आणि लोक कानाला रेडिओ लावून चार्ल्टनच्या शिट्टीची वाट बघत राहिले. म्हणून आपल्या कागदाच्या कडेला एक गोष्ट आवर्जून टिपा : दुसऱ्या मॅचचा हाफ-टाइम किती उशिरा झाला. पहिल्या हाफला तिथे चार मिनिटं जास्त गेली असतील, तर आपली शिट्टी झाल्यावर त्यांची निदान चार मिनिटं उरणार. ॲपवर ‘९०+’ एवढंच दिसत राहील, पुढचा आकडा हलणार नाही, आणि तो अडकलाय असं समजून पान पुन्हा पुन्हा ताजं करू नका. प्रत्येक वेळी ते नव्याने उघडायला आणखी काही सेकंद घेतं.